देवघेवीचे सुख



ग्रंथालयांच्या संमेलनाच्या अध्यक्षपदी एखादा ग्रंथकार किंवा जुना ग्रंथपाल बसवावा हा शिरस्ता मोडून, ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे लिहिलेले वाचले आणि वाचलेले तिसऱ्याला ऐकवले, एवढ्याच भांडवलावर ज्याचे नाव वाचनालयाच्या दप्तरी लागलेले आहे, अशा माणसाला आपण या आसनावर बसविले आहे. या निवडीचे समर्थन करण्याची जबाबदारी निवड समितीची आहे, माझी नव्हे. मी ज्या विषयावर बोलणार आहे तो मात्र माझ्या पूर्ण अधिकारातला आहे, आणि तो म्हणजे पुस्तक वाचून झाल्यावर ते दुसऱ्याच्या हाती ठेवण्याचे सुख.

वाचन हा एकांताचा व्यासंग आहे असे हल्ली फार आग्रहाने सांगितले जाते. एकांताचे माहात्म्य मी नाकारीत नाही. परंतु आपल्या मुलखात वाचनाचा आरंभ एकांतात झालेला नाही, हे सांगणाऱ्याच्या लक्षात राहत नाही. १७१२ साली श्रीधराने ‘पांडवप्रताप’ पुरा केला आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या चातुर्मासात देवळाच्या ओवरीत किंवा एखाद्या वाड्याच्या ओटीवर ती पोथी लागत राहिली, तेव्हा अक्षर ओळखणारा बहुधा एकटाच असे आणि वाचणारे, म्हणजे ऐकून मनात साठवणारे, सबंध आळीभर असत. पोथीचा रुमाल सोडायचा, दिव्याची वात पुढे सारायची, एकाने ओवी म्हणायची आणि दुसऱ्याने अर्थ सांगायचा. आणि कर्णाचे काही चुकले होते की काय, यावर अध्याय संपल्यानंतर निरक्षर म्हातारीनेही अर्थ सांगणाऱ्याला आडवे घ्यायचे, अशी ती व्यवस्था होती. त्या म्हातारीला मी वाचक समजतो, आणि पुस्तक विकत घेऊन कपाटात ठेवणाऱ्या कित्येक पदवीधरांना तो मान देण्यास मी तयार नाही.

अर्थात पोथी मोठ्याने वाचून दाखविण्यात उदार असलेले आपले पूर्वज ती उसनी देण्याच्या बाबतीत मात्र कमालीचे कृपण होते. हस्तलिखिताच्या अखेरीस लेखनिक जी प्रार्थना लिहून ठेवी, तिच्यात तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून रक्षण करण्याची विनवणी तर असेच, पण मूर्खाच्या हाती न देण्याचीही ताकीद असे; आणि लेखणी, पोथी व स्त्री परहस्ते गेली की गेलीच, असे बजावणारे एक सुभाषितही घरोघर पाठ असे. त्या सुभाषितात स्त्रीला वस्तूंच्या यादीत बसविणाऱ्याची बुद्धी निराळ्या चर्चेचा विषय आहे. पोथीपुरते बोलायचे तर, ज्याने बोरू झिजवून महिनोन्‌महिने नक्कल उतरवली त्याची ती भीती मला समजते. छापखाना आला आणि भीतीचे कारण संपले, तरी भीती संपली नाही. आजही अनेक घरांतील ग्रंथसंग्रहांना कुलपे आहेत आणि किल्ल्या कोणाच्या कनवटीला आहेत हे कुटुंबातल्यांनाही ठाऊक नसते.

सार्वजनिक वाचनालयांचा इतिहास या सभेपुढे विस्ताराने सांगणे हा उपचार होईल. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ चे, नाशिकचे १८४० चे, पुण्याचे १८४८ चे. आणि खास मराठी ग्रंथांचा संग्रह करावा या हेतूने ठाण्यात १८९३ साली आणि मुंबईत १८९८ साली ग्रंथसंग्रहालये निघाली, हे आपणांपैकी प्रत्येकाला मुखोद्गत आहे. मला थांबावेसे वाटते ते बडोद्यापाशी. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला पाचारण करून संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणविले, त्यात मध्यवर्ती ग्रंथालयाच्या भव्यतेपेक्षा मला अधिक मोह पडतो तो फिरत्या ग्रंथालयांच्या लाकडी पेट्यांचा. पुस्तके भरलेली पेटी कुलूप लावून गावी रवाना व्हायची, तेथील शाळामास्तरासारख्या कोणा भल्या माणसाच्या ताब्यात मुदतीपुरती राहायची, आणि मुदत भरली की परत येऊन दुसऱ्या गावची वाट धरायची. या सर्व खटाटोपाच्या थोडे आधी मोतीभाई अमीन या शिक्षकाने त्याच संस्थानात गावोगाव जी वाचनालये काढण्यास आरंभ केला होता, त्यांना नाव दिले होते मित्रमंडळ. सरकारी फर्मान निघण्यापूर्वी मित्रांचे मंडळ जमले होते, हा क्रम ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासकांनी दृष्टीआड करू नये.

बडोद्याचे नाव निघाले म्हणून आणखी एक देवघेव सांगतो; माझ्या मते आधुनिक महाराष्ट्रात तिच्या तोडीची दुसरी झाली नाही. कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी बडोद्याच्या ग्रंथमालेसाठी गौतम बुद्धाचे चरित्र लिहिले होते. शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसणाऱ्या एका मुलाशी त्यांची ओळख झाली, असे चरित्रकार नोंदवितात. त्या मुलाने परीक्षेत यश मिळविल्याबद्दल सत्काराची सभा भरली, तेव्हा केळुसकरांनी आपल्या त्या पुस्तकाची प्रत त्याच्या हाती ठेवली. त्या भीमराव आंबेडकरांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी सयाजीरावांचे साहाय्य मिळवून देण्याकरिता शब्द टाकणारेही केळुसकरच. पुढे १९५६ साली, आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, बुद्धाविषयीच्या आपल्या ग्रंथासाठी प्रस्तावना लिहिताना आपण या मार्गाकडे कसे वळलो हे सांगण्याची वेळ आली, तेव्हा बाबासाहेबांनी आरंभ केला तो दादा केळुसकरांनी दिलेल्या त्या पुस्तकापासून. असा परिणाम होईल अशी कल्पना देणाऱ्याला कोठून असणार? त्याने एका मुलाचे वाचन पाहिले होते आणि त्याला साजेल असे पुस्तक आपल्यापाशी आहे एवढे त्याला ठाऊक होते.

पुस्तक सुचविणारा माणूस त्या पुस्तकाला जामीन राहतो. आपला वेळ आणि आपली रुची यांची पत तो त्यात गुंतवितो, आणि घेणाऱ्याने आठ दिवसांनी पुस्तक परत आणून ‘ठीक आहे’ एवढेच म्हटले तर त्याला जी खंत वाटते ती एखाद्या पराभूत वकिलाला वाटावी इतकी खरी असते. नियतकालिकांतील परीक्षणकाराला ही जोखीम नसते. त्याचा वाचक त्याला रस्त्यात भेटत नाही. म्हणून एका वाचकाने दुसऱ्याला केलेल्या शिफारशीला मी समीक्षेचा पहिला आणि सर्वांत प्रामाणिक प्रकार मानतो.

तिचा पुरावा पाहावयाचा असेल तर जुन्या पुस्तकाच्या मलपृष्ठाच्या आत चिकटविलेला तारखांचा कागद पाहावा. मी ज्या वाचनालयाचा सभासद आहे तेथील एका प्रवासवर्णनाच्या त्या कागदावर वर्षानुवर्षे एकही शिक्का नाही. नंतर अकस्मात एकाच पावसाळ्यात शिक्क्यांची दाटी झालेली, जांभळी शाई एकमेकींवर चढलेली, आणि पुन्हा शांतता. त्या पावसाळ्यात वर्तमानपत्रात काही छापून आले नव्हते, की लेखकाला पारितोषिक मिळाले नव्हते. चौकशी करता देवघेवीच्या टेबलावरील बाईंनी सांगितले की, एक निवृत्त पोस्टमास्तर ते घेऊन गेले होते आणि सकाळी फिरावयास येणाऱ्या आपल्या सोबत्यांना ते बाकावर बसून त्यातले प्रसंग सांगत असत.

दिवाळी अंकांच्या योजनेविषयीही दोन शब्द बोलणे आवश्यक आहे. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजना’चा दिवाळी अंक काढला तेव्हा या प्रथेतून वाचनालयांचा एक ऋतूच निर्माण होईल असे कोणाला वाटले असेल? एकदा ठरावीक रक्कम भरायची आणि पुढचे काही महिने अंक बदलून न्यायचे, या व्यवहारात पैशाची बचत आहे हे खरे. पण योजनेच्या पहिल्या संध्याकाळी रांगेत उभे राहून ज्यांनी कान उघडे ठेवले असतील त्यांना तिचे दुसरे मोल कळेल. ‘तो नेऊ नका, त्यात यंदा काही नाही’, ‘कथा सोडा, मधला लेख तेवढा वाचा’, असे निवाडे तेथे तोंडी दिले जातात, त्यांच्यावर जागच्या जागी अपील होते, आणि दोन परस्परांना अनोळखी माणसे एका लेखावरून भांडत भांडत एकाच बसने घरी जातात.

आता कामकाजाकडे वळतो. दुपारच्या सत्रात विचारार्थ ठेवलेल्या ठरावांत अनामत रक्कम वाढवावी, विलंबशुल्क दुप्पट करावे आणि १९५० पूर्वीची पुस्तके सरसकट बंद कपाटात ठेवून ती केवळ अभ्यासकांस लेखी अर्जावर दाखवावीत, अशा सूचना आहेत. पहिल्या दोहोंबाबत मी तटस्थ आहे. तगाद्यावाचून पुस्तके परत येत नाहीत हा अनुभव सार्वत्रिक आहे. तिसऱ्या ठरावाला माझा विरोध आहे, आणि अध्यक्षाने मत देऊ नये असा संकेत असतानाही तो येथे नोंदवून ठेवतो. जीर्ण प्रती जपाव्यात, त्यांच्या छायाप्रती काढाव्यात, दुर्मीळ ग्रंथ वेगळे काढावेत. परंतु त्या काळातील ज्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या आज मिळतात तीसुद्धा या ठरावाच्या भाषेनुसार अर्जाखाली जातात. सूचकांनी तेवढा शब्दबदल मान्य केला तर वाद उरणार नाही. त्यांनी व्यासपीठावर येऊन आपले म्हणणे मांडावे, अशी माझी त्यांना विनंती आहे.