बांधावर ऐकलेली वीज

तंजावर आणि कुंभकोणम यांच्या मधे पापनाशम हे गाव आहे. तेथे भातखाचराच्या बांधावर बसून एका निरभ्र रात्री मी वीज ऐकली. ती कडाडत होती शेकडो कोसांवर!

प्रत्येक विजेतून अतिनीच कंप्रतेच्या रेडिओलहरी निघतात. त्यांतील पुष्कळशा कंप्रता आपल्या कानाच्या आवाक्यातल्याच असतात. तेव्हा एक उभी दांडी, एक विवर्धक आणि हेडफोन एवढ्यावर काम भागेल, असे मला वाटले. पण पहिल्या रात्री ऐकू आली ती घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेची घरघर. विवर्धन वाढविले, तशी घरघरही वाढली.

दोष प्रवेशद्वाराशी होता. मीटरभर दांडीची धारिता सुमारे १० पिकोफॅरड. १ किलोहर्ट्झला तिचा अवरोध सुमारे १.६ कोटी ओहम भरतो. माझ्या विवर्धकाचा प्रवेशरोध मात्र काही हजार ओहमच! घागरीच्या तळाला भगदाड असावे, तसा संदेश आत येताच नाहीसा होई. म्हणून पहिल्या टप्प्यात क्षेत्र-परिणाम ट्रान्झिस्टर घातला आणि त्याच्या द्वारापासून जमिनीकडे १ कोटी ओहमचा रोधक जोडला. मध्यम लहरींवरील केंद्रे आत घुसू नयेत म्हणून दांडी व द्वार यांच्यामधे १ लाख ओहमचा रोधक ठेवला. पुढे दोन टप्प्यांना जोडणारे धारित्र लहान केले; त्याने घरघर दबली. शेवटची सुधारणा बिनखर्चाची होती: बॅटरी घेऊन तारांपासून दूर शेतात जाणे.

मग तडतड स्पष्ट झाली आणि तीत मधूनच पाखराच्या किलबिलीसारखा स्वर उमटू लागला. रात्री आयनांबराचा तळ सुमारे ८५ ते ९० किलोमीटरवर असतो. तो आणि भूपृष्ठ यांच्यामधून धावताना १.७ किलोहर्ट्झजवळच्या लहरी मागे रेंगाळतात. तोच हा स्वर.

मला खरी आस होती ती बार्कहाउझेन यांनी १९१९ साली नोंदविलेल्या व स्टोरी यांनी १९५३ साली उकललेल्या लांब शिट्टीची. ती काही आली नाही. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. म्हणून तर अग्निबाणांसाठी थुंबा निवडले गेले. तेथे बलरेषा जवळजवळ आडव्या असतात आणि शिट्टीला वर नेणारी वाटच मिळत नाही. तेव्हा ते मौन माझ्या यंत्राचे नव्हते, त्या भूमीचे होते. यंत्र निर्दोष झाल्यावाचून एवढेही मला खात्रीने म्हणता आले नसते.