शेजारचं टेबल

राज्यभरातून आलेल्या माझ्या अव्वल कारकून, अधीक्षक, पर्यवेक्षक बंधू-भगिनींनो,

या मेळाव्याच्या अध्यक्षपदाचा मान मी तुमच्यातलाच एक म्हणून स्वीकारतो. माझी सारी नोकरी महसूल खात्यात गेली. तिच्या सुरुवातीचा एक दिवस मला आज तुमच्यापुढे ठेवायचा आहे.

एका तहसील कार्यालयात मी नवा लिपिक होतो. एक म्हातारे शेतकरी फेरफाराच्या नकलेसाठी तिसऱ्यांदा आले होते. संबंधित लिपिक रजेवर आणि कपाटाची किल्ली त्यांच्या घरी. मी सांगून टाकलं, "बाबा, ते टेबल माझं नाही." मागे बसलेले आमचे अव्वल कारकून उठले. मला एका शब्दानं बोलले नाहीत. त्यांनी बाबांना खुर्ची दिली, शिपायाला किल्लीसाठी पिटाळलं आणि मला शेजारी उभं करून नोंद कशी शोधायची ते दाखवलं. नक्कल घेऊन बाबा दुपारीच गावी गेले. त्याच आठवड्यात प्रत्येक कपाटाची दुसरी किल्ली अव्वल कारकुनांच्या खणात आली आणि प्रत्येक टेबलाला एक जोडीदार मिळाला. ते वाक्य मी पुन्हा कधी उच्चारलं नाही.

मित्रहो, आपल्याकडे कायद्यांची उणीव नाही. बदल्या आणि विलंबाबाबतच्या महाराष्ट्राच्या 2005 च्या अधिनियमानं एका कर्मचाऱ्याकडे फाइल 7 कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असं बंधन घातलं. पण तीच फाइल पाच टेबलांवर सात-सात दिवस थांबली, तर कामकाजाचे 35 दिवस होतात. पाच दिवसांच्या आठवड्यात हे सात आठवडे झाले! पाचही जण नियमात बसतात आणि अर्जदार ताटकळतो. या पाच टेबलांना जोडणारा माणूस एकच, तो म्हणजे पर्यवेक्षक.

त्यानं करायची पहिली गोष्ट कागदांच्या मांडणीची. कागद वर्गवार लावण्याची सहा गठ्ठे पद्धत आपण बहुतेकदा तपासणीच्या तोंडावर लावतो. खुर्चीवर कोणीही बसलं तरी हवा तो कागद हाती लागावा, यातच तिचं मोल आहे. 1980 च्या दशकात जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी अहमदनगरला अभिलेखांची आणि बैठकव्यवस्थेची घडी नव्यानं बसवली. 'लखिना पॅटर्न'चं नाव आजही निघतं, कारण एका वरिष्ठानं ठरवलं तर अख्खं कार्यालय बदलतं, हे तिथं दिसलं.

दुसरी गोष्ट गोपनीय अहवालाची. देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2008 मध्ये सांगितलं की, अहवालातली प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे. तोंडावर गप्प राहून कागदावर शेरा मारणाऱ्या साहेबाच्या हाताखाली माणसं चुका दडवतात. दडवलेल्या चुकीत शेजारचा मदत तरी कशी करणार? म्हणून चूक बंद दाराआड सांगा आणि शाबासकी सगळ्यांसमोर द्या. अहवाल लिहिताना, दुसऱ्याचं अडलेलं काम ज्यानं पुढे नेलं त्याचा उल्लेख आवर्जून करा. ते काम कुठल्याही नोंदवहीत दिसत नाही, फक्त तुम्हाला दिसतं.

शेवटी एकच विनंती. सोमवारी कार्यालयात गेलात की विचारा, आज जो रजेवर आहे त्याचं काम कोण करतंय? उत्तर मिळालं नाही, तर त्याच दिवशी त्या टेबलाला जोडीदार द्या आणि त्याला शिकवायला स्वतः शेजारी बसा.