टकटक कुठून येते?



रोजच्या घरघरीत एखादी नवी टकटक मिसळली की ट्रकचालकाच्या ती लगेच लक्षात येते. मग ढाब्यावर चौघे जमतात, केबिन पुढे कलते आणि निदान सुरू होतं. एक म्हणतो टॅपेट, दुसरा म्हणतो नोझल, तिसरा मान हलवून सांगतो, 'इंजिनाचं काम निघालं.' तिघांपैकी कुणीही बरोबर असू शकतो. खर्चात मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून पाना हातात घेण्याआधी थोडं ऐकायचं.

आणि त्याही आधी ऑइल बघायचं. गाडी सपाट जागी उभी करा, इंजीन बंद करून पाच-दहा मिनिटं जाऊ द्या आणि गेजपट्टी काढा. ऑइल कमी असेल तर वरच्या रॉकरपर्यंत ते नीट पोचत नाही आणि टकटक सुरू होते. पातळी वाढलेली दिसली आणि डिझेलचा वास आला, तर डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. मग गाडी पुढे नेऊ नका.

आता आवाज कधी येतो ते पाहा. सकाळी थंड इंजिनात येतो आणि गरम झाल्यावर विरतो, असं असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं पॅकिंग तपासा. धातू तापून फुगला की फट बुजते, आवाज जातो. अशा ठिकाणी बहुधा काजळीचा काळा फराटा दिसतो. हा आवाज टॅपेटसारखाच भासतो आणि भलेभले मिस्त्री इथे फसतात.

टॅपेटची टकटक बारीक, एकसारखी आणि वरून येणारी. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे झाले की प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडतो. म्हणजे सहाशेच्या आयडलिंगला सेकंदाला पाच वेळा. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टॅपेट कव्हरवर आणि मूठ कानाजवळ धरली, की कोणत्या सिलिंडरचा आवाज मोठा ते कळतं. फक्त पंखा आणि पट्ट्यापासून हात, गमछा, बाही दूर ठेवा.

दोष सापडला की गॅप लावायचा. आपल्याकडे अनेक ट्रकांत आलेल्या 5.9 लिटरच्या बारा व्हॉल्व्हच्या कमिन्स इंजिनाला थंड असताना इनलेटला 0.25 आणि एक्झॉस्टला सुमारे 0.50 मिलिमीटर गॅप ठेवतात. तुमच्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तकातूनच घ्या. इथे एक वाईट सवय सांगतो. मालकाला आवाज नको असतो, म्हणून मिस्त्री गॅप जरा कमीच ठेवतो. गाडी शांत होते, मालक खूश. पण व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटवर टेकूनच सोडतो. गरम झाल्यावर गॅप उरलाच नाही तर तो पूर्ण बसत नाही आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. थोडी टकटक करणारं टॅपेट परवडलं, गप्प बसलेलं घट्ट टॅपेट महाग पडतं. जाड ऑइल ओतून आवाज दाबणं हाही त्यातलाच प्रकार.

गॅप बरोबर असूनही आवाज राहिला, तर जुन्या पंपाच्या इंजिनात मिस्त्री एकेका नोझलच्या पाइपाचा नट किंचित सैल करतात. त्या सिलिंडरचं डिझेल तुटतं. आवाज बदलला किंवा कमी झाला तर दोष त्या सिलिंडरच्या ज्वलनाशी किंवा बेअरिंगशी निगडित. टॅपेटचा असेल तर तसाच राहतो. चष्मा लावून आणि हात दूर ठेवूनच हे करावं.

कॉमन रेल इंजिनावर मात्र हा प्रयोग चुकूनही करू नका. 2020 पासूनच्या बीएस-6 ट्रकांत आणि त्याआधीच्याही बऱ्याच गाड्यांत ही व्यवस्था आहे. तिथला दाब सोळाशे बार किंवा त्याहून जास्त, म्हणजे ट्रकच्या टायरमधल्या हवेच्या सुमारे दोनशे पट. चालू इंजिनावर सैल केलेल्या नटातून निघालेली बारीक धार कातडी भेदून आत जाते. वरून टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही नाही फारसं. पण आत डिझेल पसरतं आणि उशीर झाला तर बोट, प्रसंगी हातही जाऊ शकतो. तसं झालंच तर चोळत बसू नका, लगेच मोठ्या रुग्णालयात जा आणि डॉक्टरांना 'दाबानं डिझेल आत गेलंय' असं स्पष्ट सांगा. या गाड्यांची तपासणी संगणकावर होते, तीच करून घ्यावी.

राहिला खालचा आवाज. तो टकटक नसतो. जड, दबका, घणासारखा असतो. भार पडला की वाढतो, आणि सोबत ऑइल प्रेशरचा काटा खाली येत असेल तर कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलंय असंच समजा. 'एवढा खंबाटकी चढून जाऊ, मग बघू' हा हिशेब इथे चालत नाही. बेअरिंगपुरतं काम त्या चढावर क्रँकपर्यंत जातं आणि रॉड तुटला तर ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो. इंजीन तिथेच बंद करा, चाकाला दगड लावा, मागे पुरेशा अंतरावर त्रिकोण ठेवा आणि गाडी टोचन करून न्या.