न्यास : मध्ययुगीन सागरी व्यापाराचा आधार

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा लेखरूप पाठ)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी आपण मला बोलावलेत, याबद्दल मी कृतज्ञ आहे. मध्ययुगातील जागतिक संस्कृती, धर्म आणि व्यापार असा विषय मला देण्यात आला. विषय सागरासारखाच अफाट आहे. म्हणून मी आपल्या दाराशी असलेला एकच सागर निवडतो, तो म्हणजे अरबी समुद्र. आणि काळ निवडतो तो साधारणतः इ. स. ९०० ते १३०० हा. या समुद्राच्या काठावरील माणसांना एकच प्रश्न विचारावा, असे माझ्या मनात आहे. ज्यांची भाषा निराळी, उपास्य निराळे, राजाही निराळा, अशी माणसे एकमेकांच्या हाती आपला मोलाचा माल कोणत्या भरवशावर सोपवीत होती ?

प्रारंभ आपल्या कोकणापासूनच करू. इ. स. ९१६ मध्ये बगदादचा विद्वान प्रवासी अल्-मसूदी चौल बंदरात आला होता. रायगड जिल्ह्यातील चौल आज शांत, नारळी-पोफळीत बुडालेले गाव आहे. त्या काळी तेथे सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले सुमारे १०,००० मुसलमान राहत होते, असे तो लिहितो. त्यांच्यातील तंटे सोडवण्यासाठी त्यांच्यापैकीच एका प्रतिष्ठित गृहस्थाची नेमणूक राजाच्या संमतीने होत असे. म्हणजे परदेशी माणसाला केवळ वखार मिळत नव्हती, न्यायही मिळत होता.

त्यानंतर दहाच वर्षांनी, शके ८४८ म्हणजे इ. स. ९२६ मध्ये, कोरला गेलेला एक ताम्रपट डहाणू तालुक्यातील चिंचणी येथे सापडला. राष्ट्रकूट सम्राट तिसरा इंद्र याच्या काळातला हा लेख आहे. संजाण प्रांताचा अधिकारी तेव्हा एक ताजिक, म्हणजे अरब, होता. लेखात त्याचे नाव ‘मधुमति’ असे येते. मुहम्मद या नावाने संस्कृतात धारण केलेले ते रूप. या अधिकाऱ्याने प्रवाशांसाठी विनामूल्य तर सुरू केली, अन्नसत्र घातले, आणि देवीच्या मठासाठी दिलेल्या भूमिदानाला राजसंमतीने मान्यता दिली. अरब अधिकारी, राष्ट्रकूट सम्राट, मठातील ब्राह्मण आणि संस्कृत ताम्रपट, हे सारे एकाच पत्र्यावर नांदताना दिसतात.

आता व्यापाराच्या रीतीकडे वळू. हा सारा व्यवहार मोसमी वाऱ्यांच्या अधीन होता. नैर्ऋत्येचे वारे गलबतांना एडनहून हिंदुस्थानच्या किनाऱ्याकडे आणीत आणि हिवाळ्यातले ईशान्येचे वारे त्यांना परत नेत. त्यामुळे आज धाडलेल्या पत्राचे उत्तर हाती यायला वर्ष जाई. तोवर आपला माल, आपले द्रव्य परक्या बंदरात, परक्या माणसाच्या कोठीत पडून असे. त्याने ते बुडवले तर कोणत्या राजाच्या दरबारात दाद मागायची ?

त्या काळची अशी पत्रे सुदैवाने आज उपलब्ध आहेत. ईश्वराचे नाव लिहिलेला कागद फाडू नये, जाळू नये, असा यहुदी समाजाचा संकेत. त्यामुळे जुन्या कैरोतील बेन एझ्रा या प्रार्थनामंदिराच्या एका कोठडीत शतकानुशतकांचे कागद साठत गेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते अभ्यासकांच्या हाती आले. पाटण, खंभात, जैसलमेर येथील आपल्या ज्ञानभांडारांची येथे कोणालाही आठवण होईल. त्या कागदांत अब्राहम बेन यिजू याचा पत्रव्यवहार आहे. हा ट्यूनिशियाकडचा यहुदी व्यापारी बाराव्या शतकाच्या मध्यास सतराएक वर्षे मंगळूरला राहिला. त्याने तेथे पितळी-काशाच्या भांड्यांचा कारखाना चालवला. एडनहून त्याच्याकडे जुनी भांडी आणि धातू येत, इकडून नवी भांडी आणि मिरी जात. सोबत हिशेब जात आणि विश्वासही जात असे.

बंधुभगिनींनो, हा विश्वास केवळ स्वभावाचा भाग नव्हता, त्याला धर्मशास्त्रांनी व्यवहाराच्या भाषेत आकार दिला होता. आपल्या तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय पाहा. श्रावकाच्या सत्यव्रताला बाध आणणारे जे अतिचार तेथे सांगितले आहेत, त्यांत ‘कूटलेखक्रिया’ म्हणजे खोटा दस्तऐवज करणे आणि ‘न्यासापहार’ म्हणजे दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेली ठेव गिळंकृत करणे, हे दोन येतात. अचौर्यव्रताच्या अतिचारांत चोरीचा माल घेणे, मापात कमी-अधिक करणे, अस्सल मालात नकली मिसळणे, हे येतात. ही यादी वाचताना आपण एखाद्या बंदरातील पेढीवरच बसलो आहोत, असे वाटते. व्यापारी ज्याची धास्ती घेत असे, तेच येथे पाप म्हणून नोंदले आहे. ठेव परत करावी आणि माप पुरे भरावे, ही आज्ञा कुराणातही आहे, आणि खोट्या वजनांचा निषेध यहुद्यांच्या धर्मग्रंथातही आहे. उपास्य निराळे असतील. तराजूविषयी मात्र सर्वांचे एकमत होते.

याचा सर्वांत बोलका पुरावा सोमनाथ पाटणचा. १०२६ मध्ये गझनीच्या महमूदाने ज्या नगराचा विध्वंस केला, त्याच नगरात १२६४ मध्ये हुर्मुझचा जहाजमालक नुरुद्दीन फिरोझ याने मशीद बांधली. वाघेला राजा अर्जुनदेवाच्या काळातली ही घटना. जमीन त्याने तेथील छाडा नामक स्थानिक प्रमुखाकडून रीतसर मिळवली, आणि पाशुपताचार्य परवीरभद्र ज्याचे प्रमुख होते त्या पंचकुलाच्या साक्षीने हा व्यवहार झाला. मशिदीच्या खर्चासाठी घाणा, दुकाने यांचे उत्पन्न लावून दिले, आणि उरलेले द्रव्य मक्का-मदिनेस पाठवावे, असे ठरवले. संस्कृत लेखाचा आरंभ विश्वनाथाच्या वंदनाने होतो आणि त्यात काळ चार गणनांनी दिला आहे : हिजरी ६६२, विक्रम १३२०, वलभी ९४५ आणि सिंह १५१.

परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने अर्धे सांगून थांबू नये. याच प्रसंगाचा अरबी लेखही आहे, आणि त्यात हे नगर इस्लामचे व्हावे, अशी प्रार्थना आहे. संस्कृत लेखात तिचा मागमूस नाही. मने पूर्णतः एक झाली नव्हती. तरीही करार झाला आणि तो पाळला जावा अशी व्यवस्था झाली. मला यातच त्या काळाचे मोठेपण दिसते. मतैक्य होईपर्यंत ते थांबले नाहीत. शब्द पाळण्यापुरता विश्वास त्यांनी उभा केला.

हा विश्वास मोडतही असे. तेराव्या शतकातील फारसी लेखक मुहम्मद औफी खंभातची एक कथा सांगतो. गुर्जरनरेश जयसिंहाच्या कारकिर्दीत तेथे दंगल होऊन मशीद जाळली गेली आणि ८० मुसलमान मारले गेले. मशिदीचा खतीब अली राजाकडे दाद मागण्यास गेला. राजा सांडणीवर बसून वेषांतराने खंभातला पोहोचला, त्याने बाजारात खरे-खोटे केले आणि परतताना समुद्राचे पाणी भांड्यात भरून आणले. दरबारात आक्षेप घेणाऱ्यांना त्याने ते पाणी प्यायला दिले. खारट घोट घेताच राजा स्वतः जाऊन आला, हे सर्वांना उमगले. अपराध्यांना शासन झाले आणि मशिदीच्या पुनर्बांधणीसाठी एक लक्ष बालोत्र नाणी देण्यात आली. औफीची ही कथा म्हणजे एका मुसलमान लेखकाने हिंदू राजाच्या न्यायाला दिलेली पावतीच होय.

आणखी एक गोष्ट जड अंतःकरणाने सांगितली पाहिजे. या समुद्रावर मिरी, कापड आणि घोडे यांच्याबरोबर माणसेही विकली जात. गुजरातेतील ‘लेखपद्धति’ या नमुना-दस्तऐवजांच्या संग्रहात दासींच्या विक्रीचे लेखही आहेत. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात श्रावकाने वर्ज्य करावयाचे पंधरा व्यवसाय सांगितले आहेत, त्यांत ‘केशवाणिज्य’ या नावाखाली मनुष्यांचा आणि पशूंचा व्यापार येतो. म्हणजे निषेध होता, आणि ज्याचा निषेध होता ते बाजारात घडतही होते. दस्तऐवज चोख असला म्हणजे व्यवहार धर्म्य होतोच असे नाही, हा धडा आपण विसरू नये.

शेवटी जगडूशाह यांचे स्मरण करू. कच्छमधील भद्रेश्वरचे हे जैन श्रेष्ठी. त्यांचे चरित्र सर्वानंदसूरींनी संस्कृतात रचले आहे. त्यांचा मुनीम हुर्मुझला होता, असे चरितकार सांगतात. भद्रेश्वरच्या मुसलमानांसाठी त्यांनी मशीद बांधून दिल्याचाही उल्लेख त्यात आहे. विक्रम संवत १३१३ ते १३१५ या काळात भीषण दुष्काळ पडला. राजा वीसलदेवाने जगडूंच्या कोठारांतील धान्याची अपेक्षा केली. जगडू म्हणाले, कोठारे उघडून पाहावीत, त्यातील एक दाणाही माझा असेल तर तो महाराजांचाच आहे. कोठारे उघडली. आत ताम्रपत्र होते, आणि हे धान्य रंकांसाठी साठवले आहे, असे त्यावर कोरलेले होते.

जगडूंनी आपल्याच धान्याला परक्याची ठेव मानले. जो परदेशस्थ व्यापाऱ्याची ठेव वर्षभर सांभाळू शकतो, तोच एक दिवस आपले धनही दुसऱ्याची ठेव म्हणून सांभाळू शकतो. माझ्या मते मध्ययुगीन व्यापाराने धर्माला आणि धर्माने व्यापाराला दिलेली ही सर्वांत मोठी देणगी आहे.

कायद्याच्या भाषेत आपल्या संस्थेला ‘सार्वजनिक न्यास’ म्हणतात. सूत्रकारांनी ज्याच्या अपहाराला अतिचार म्हटले, तोच हा शब्द. गेल्या पन्नास वर्षांतील प्रत्येक देणगी ही कोणीतरी विश्वासाने ठेवलेली ठेव आहे. देणाऱ्यांपैकी अनेक आज हयात नाहीत, आणि ज्यांच्यासाठी ती ठेवली त्यांच्यापैकी अनेक अजून जन्मलेलेही नाहीत. एडनहून येणाऱ्या पत्राची वाट पाहणाऱ्या व्यापाऱ्यासारखे ते दोघेही आपल्या प्रामाणिकपणावर विसंबून आहेत. शताब्दी साजरी होईल तेव्हा कोठार उघडले जाईल. त्यातील ताम्रपत्रावर ‘रंकांसाठी’ हा शब्द तेव्हाही स्वच्छ वाचता यावा, हीच प्रार्थना.

बोलण्यात काही अनुचित आले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेन्द्र !