हवालदार ते सोंगाड्या

मुंबईत नायगावच्या चाळीत वाढलेले कृष्णा कोंडके म्हणजेच आपले दादा. सेवा दलाच्या कलापथकात ते तयार झाले. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यातल्या हवालदाराच्या भूमिकेनं त्यांचं नाव महाराष्ट्रभर नेलं. संहिता सबनीसांची, पण दादा तिच्यात ऐनवेळी भर घालायचे. सकाळच्या पेपरातली बातमी रात्री रंगमंचावर हजर! म्हणून तर तेच लोकनाट्य लोक पुन्हा पुन्हा बघायचे.

१९६९ साली भालजी पेंढारकरांच्या ‘तांबडी माती’तून ते पडद्यावर आले. १९७१ मध्ये त्यांनी ‘सोंगाड्या’ काढला. ढगळ अर्धी चड्डी, गुडघ्यापर्यंत लोंबणारी नाडी आणि चेहऱ्यावर निव्वळ भाबडेपणा. दादरच्या कोहिनूर थिएटरात हा चित्रपट लागेना. शिवसेना मध्ये पडली, तेव्हा कुठे लागला आणि मग तुफान चालला.

द्व्यर्थी संवादांवरून दादांवर टीका झाली, ती काही सगळीच अनाठायी नव्हती. पण हशा नेमका कधी घ्यायचा, याची एवढी पक्की जाण फार थोड्या नटांकडे होती. त्यांच्या नऊ चित्रपटांच्या रौप्यमहोत्सवाची नोंद गिनीज बुकात झाली. १४ मार्च १९९८ रोजी दादांचं मुंबईत निधन झालं.