रफ वह्या आणि दहा हजार वस्तू
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'एआय आणि आपली मुलं'. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यावर रोज तीन तरी फॉरवर्ड येतात, तेव्हा त्यात माझी भर नको असं मी कळवलं. मी आज एका कलाप्रदर्शनाबद्दल बोलणार आहे. एलिमेंटरीच्या परीक्षेआधी सरावाला मी घागर काढली होती, ती पाहून चित्रकलेचे सर म्हणाले होते, "भोपळा छान जमलाय." सर समोरच बसले आहेत. त्यांची आधीच माफी मागते.

२००९ साली कंपनीने मला प्रोजेक्टसाठी जर्सी सिटीला पाठवलं होतं. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी फुकट प्रवेश असे, एरवी वीस डॉलर. फुकट म्हटल्यावर आपण कशाला सोडतोय? ऑफिसातल्या एकीबरोबर गेले. दुसऱ्या मजल्यावर एक उंच छताचं प्रचंड दालन आहे. तिथे पोचले आणि वाटलं, कुणाचं तरी बिऱ्हाड हलवायचं काम चाललंय.

मध्ये एका जुन्या घराचा लाकडी सांगाडा. भोवती जमिनीवर ओळीने मांडलेल्या वस्तू: बूट, भांडी, कुंड्या, कापडाचे तुकडे, बाटल्यांची बुचं, टूथपेस्टच्या पिळून सपाट झालेल्या नळ्या, नीट घड्या घातलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. दहा हजारांहून जास्त वस्तू. बरोबरची म्हणाली, "माझ्या आजीचा माळा आणून इथे ठेवला तर हे किती डॉलर देतील गं?" मीही हसले. मग भिंतीवरची माहिती वाचली आणि तिथेच थांबले.

प्रदर्शन सोंग दोंग या बीजिंगच्या कलावंताचं होतं. (नावावर जाऊ नका, माणसाने सोंग काही आणलेलं नाही.) जन्म १९६६ चा, म्हणजे आपल्यापेक्षा साधारण तेरा वर्षांनी मोठा. लहानपणी कागद-शाई परवडत नसे म्हणून वडिलांनी त्याला दगडावर पाण्याने अक्षरं गिरवायला सांगितलं. १९९५ पासून तो तशीच दगडावर पाण्याने डायरी लिहू लागला; वाळली की गेली. अशा कामाला संकल्पनात्मक कला म्हणतात. हाताची सफाई दाखवायची नसते, एखादी कल्पना लोकांसमोर मांडायची असते, एवढं मला समजलं.

दालनातल्या वस्तू त्याच्या आईच्या होत्या. झाओ श्यांगयुआन तिचं नाव. सुखवस्तू घरातली मुलगी, पुढे हलाखीचे दिवस आले. कापड कुपनावर, साबण कुपनावर. तेव्हा काहीच टाकायचं नाही ही सवय लागली. चिनी भाषेत त्याला चार अक्षरी शब्दप्रयोग आहे, 'वू जिन ची योंग': वस्तू पुरती कामी येऊ दे. तेच प्रदर्शनाचं नाव.

त्यातली साबणाची गोष्ट मी विसरू शकत नाही. आईने कपडे धुवायच्या साबणाच्या वड्या वर्षानुवर्षं शिल्लक टाकल्या, मुलांना पुढे कमी पडू नये म्हणून. मुलाचं लग्न झालं तेव्हा त्या त्याला देऊ केल्या. तो म्हणाला, माझ्याकडे वॉशिंग मशीन आहे, नको. तिने त्या परत ठेवून दिल्या. त्या वड्या तिथे मांडलेल्या होत्या, दगडासारख्या झालेल्या.

२००२ मध्ये त्याचे वडील अचानक गेले आणि आईचा हा साठा बेसुमार वाढला. मुलांनी घर आवरायला घेतलं की ती चिडायची. मग त्याने वेगळंच केलं. आईला म्हणाला, आपण दोघं मिळून याचं प्रदर्शन मांडू. २००५ मध्ये बीजिंगच्या ७९८ कलापरिसरात ते पहिल्यांदा मांडलं. प्रत्येक वस्तू आईने हाताळायची, लावायची, तिची हकिकत सांगायची. ती लोकांशी बोलत उभी राहायची. वर निऑनच्या अक्षरांत वडिलांसाठी निरोप होता, की काळजी करू नका, आई आणि आम्ही बरे आहोत. जानेवारी २००९ मध्ये झाडावरच्या जखमी पाखराला वाचवायला गेली आणि शिडीवरून पडून ती वारली. न्यूयॉर्कचं प्रदर्शन जूनमध्ये उघडलं. तिथे मुलाने, सुनेने आणि मुलीने तिच्याशिवाय सगळं लावलं.

मी त्या रात्री मैत्रिणींना लांबलचक ईमेल लिहिली होती. तुमच्यापैकी दोघींना ती आलीही असेल. आई, आठवणी, माया, वगैरे. मला सगळं समजलं होतं.

आता जे सांगणार आहे ते सांगायला जड जातंय.

२०१६ च्या पावसाळ्यात बाबा गेले. तेरावं झालं तेव्हा माझी पाच दिवसांची रजा उरली होती. सांगलीचं घर रिकामं करून आईला पुण्याला न्यायचं होतं. मी एक्सेल शीट केली: ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना जुना कोड कशासाठी लिहिला होता हे विचारण्यापेक्षा पुसून टाकणं सोपं वाटतं. भंगारवाल्याचा छोटा हत्ती दोन खेपा करून गेला. बोर्नव्हिटाच्या बरण्या, धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या, सुतळीचे गुंडे, स्टोव्हच्या पिना, बाबांचे काडी तुटलेले चष्मे. आई झोपाळ्यावर बसून होती. एकदाच म्हणाली, "अगं, नुसतं विचारत तरी जा."

मी म्हणाले, "आई, विचारत बसले तर महिना जाईल."

सोंग दोंगने तो वेळ काढला होता. हे मला तेव्हा आठवलंसुद्धा नाही.

पुण्यात आल्यावर आईने कधी तक्रार केली नाही. फक्त स्वतःहून काही मागायचं बंद केलं. काय हवं विचारलं की म्हणायची, "तुझ्याकडे असेल ते चालेल." स्वतःच्या लेकीच्या घरात ती पाहुण्यासारखी राहिली, आणि मी लोकांना सांगत होते की आई छान रुळली आहे.

त्या भंगारात माझ्या रफ वह्या होत्या. तुम्हाला आठवत असतील. १ मेला निकाल लागला की आई जुन्या वह्यांची कोरी पानं काढून दाभणाने शिवायची, वर कॅलेंडरचं पान. एकाच वहीत एकरेघी, दुरेघी, चौरेघी, मध्येच भूगोलाचा आलेखाचा कागद. गणिताच्या बाई म्हणायच्या, "काढ तुझी गोधडी." बाई मायेने म्हणायच्या, पण मी ती बाकाखाली धरून लिहायचे. तुमच्याकडे नव्या दोनशे पानी वह्या असायच्या.

गेल्या दिवाळीत फराळाचा मोठा डबा शोधताना आईच्या दिवाणात एक गोणी सापडली. मी बघतच राहिले. आई शांतपणे म्हणाली, "तू आत बाबांचं कपाट उपसत होतीस ना, तेव्हा त्या पोराला चहा दिला आणि ही उतरवून घेतली." नऊ वर्षं तिने ती माझ्यापासून लपवून ठेवली होती.

आता रविवारी दुपारी आम्ही दोघी ती गोणी घेऊन बसतो. एका दुपारी जास्तीत जास्त दोन वस्तू होतात, कारण एका बटणावरून आई कुंडलच्या मावशीच्या लग्नापर्यंत जाते. माझा नवरा म्हणतो, या वेगाने तुम्हाला सात वर्षं लागतील. लागू देत.

त्यातल्या चार रफ वह्या आज मी आणल्या आहेत, चहाच्या टेबलाशेजारी ठेवल्या आहेत. नववीच्या वहीत मागे फुल्लीगोळ्याचे डाव आहेत, कोण कोणाकडून हरलं ते नावानिशी लिहिलेलं आहे. बाईंची लाल शाईतली सहीही आहे, रफ वहीवर का केली होती ते बाईच सांगतील. जरूर बघा. पण घरी नेऊ नका, आईने मोजून दिल्या आहेत.