केवलींचा निर्णय आणि वस्तूचे सत्य

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



केवली भगवंत जाणतात म्हणून गोष्ट सत्य ठरते, की ती सत्य असते म्हणून केवली तिला तशी जाणतात? पाश्चात्त्य चिंतनातही हा वाद आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ हिलरी पटनम यांनी १९८१ मध्ये, आदर्श परिस्थितीत विवेकाला जे ग्राह्य ठरेल ते सत्य, अशा आशयाचे मत मांडले. पुढे त्यांनीच ते सोडून दिले.

जैन दर्शनाचे उत्तर स्पष्ट आहे. दिवा वस्तू दाखवितो, निर्माण करीत नाही. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात मती, श्रुत, अवधी, मनःपर्यय व केवल असे ज्ञानाचे पाच प्रकार सांगितले. केवलज्ञान सर्व द्रव्ये व त्यांचे सर्व पर्याय जाणते, घडवीत नाही. आमच्या कापडाच्या व्यवसायात वार म्हणजे ९१.४४ सेंटीमीटर. वाराने मोजा अथवा मीटरने, आकडा बदलेल. ताग्याची लांबी तीच राहील.

आचार्य समंतभद्रांनी तर आप्तमीमांसेत प्रत्यक्ष आप्तालाच कसोटीला लावले. देवांचे आगमन, आकाशगमन, चामरे हे वैभव मायावी पुरुषाठायीही दिसू शकते. म्हणून निर्दोषता व युक्तीशी अविरोधी वचन हेच त्यांनी प्रमाण मानले. निर्णय देणाराही सत्यानेच पारखला जातो.

परंपरेनुसार या भरतक्षेत्रात जंबूस्वामी हे अखेरचे केवली. निर्दोष निर्णय देणारा आज येथे कोणी नाही. सत्य मात्र लोपलेले नाही. आपल्या हाती प्रमाण आणि नय ही साधने आहेत. अनेकान्त म्हणजे सर्वांचे सर्वच बरोबर, असा समज चुकीचा आहे. वस्त्र द्रव्यदृष्टीने नित्य व पर्यायदृष्टीने अनित्य, ही दोन्ही विधाने खरी. पण दहा मीटरचा तागा बारा मीटरचा आहे, हे कोणत्याही नयाने खरे होत नाही.

घाटकोपर-मुलुंड असो वा अंधेरी-बोरिवली, संघ म्हटला की तिथीवरून, पूजाविधीवरून, निधीच्या विनियोगावरून मतभेद येतात. बहुमताचा ठराव व्यवहारासाठी अवश्य पाळावा. परंतु तो केवलींचा निर्णय नव्हे. विरोधी मताच्या बांधवास, ‘आपण हे कोणत्या अपेक्षेने म्हणता?’ असे आधी विचारावे, मग पुरावा पाहावा, आणि तो पटल्यास ठराव बदलण्याची तयारी ठेवावी. पन्नास वर्षे टिकलेल्या संस्थेने पुढील पिढीला वास्तूबरोबर ही सवयही द्यावी, अशी विनंती करून मी थांबतो.

जय जिनेंद्र.